रोल नंबर अकरा

"ही कोण मुलगी आहे?" देवस्थळी मॅडमनी कागदावरून नजर न काढता विचारलं.

"कोणती, मॅडम?"

"ही, कागदातली. नियमित, कष्टाळू, नम्र, अंगी नेतृत्वगुण असलेली. हिला मी तीन वर्षं जवळून ओळखते, असं मीच इथे म्हटलंय."

"ती मी आहे, मॅडम."

तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली. चष्मा नाकावर खाली ओढला आणि माझ्याकडे पाहिलं. दिवाळीच्या सुट्टीआधीचा कॉलेजचा शेवटचा दिवस होता. बाहेर व्हरांड्यात बॅगा ओढत निघालेल्या पोरींचा कालवा चालला होता, आणि आत वनस्पतिशास्त्र विभागाच्या त्या लांबट खोलीत, डांबरगोळ्यांच्या वासात, मी हात मागे बांधून उभी होते.

"नाव?"

"उर्मिला भोईटे."

"कुठल्या वर्गात?"

"टी. वाय.ला. तुमच्याच वर्गात, मॅडम. जूनपासून."

"बरं. म्हणजे नाव मला आत्ता कळलं, आणि ओळखते मी तीन वर्षं. लिहिलं कुणी हे?"

"मीच. शिंगटे सरांनी नमुना दिला. म्हणाले, यात नाव बदल आणि मॅडमची सही घे."

"शिंगट्यांनी स्वतःचं पत्र दिलं तुला?"

"हो."

"देणारच. शिंगटे उद्या लाइटच्या खांबालाही पत्र देतील."

हे आमच्याकडे असंच चालायचं, आणि अजूनही चालत असेल. शिफारसपत्र हवं असलं की सर म्हणायचे, तूच लिहून आण, मी सही करतो. मग पोरं-पोरी रात्रभर बसून स्वतःचीच तारीफ लिहायची, तीही सरांच्या तोंडची. शिंगटे सर एन.एस.एस.चे. त्यांच्याकडे एक ठरलेला नमुना होता आणि त्यावर निम्मं कॉलेज नोकऱ्यांना लागलं होतं. मला बंगळूरच्या एका संस्थेत एम.एस्सी.साठी अर्ज करायचा होता. त्यांना पत्रं हवी होती दोन, आणि त्यातलं एक विभागप्रमुखांचंच पाहिजे होतं. विभागप्रमुख म्हणजे या बाई. पोरी त्यांना पाठीमागे 'कुसळ' म्हणायच्या, कारण त्या गवतांवर संशोधन करायच्या आणि बोलल्या की टोचायचं.

"मी ओळखत नाही त्या माणसाबद्दल लिहीत नाही," मॅडम म्हणाल्या. कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला. "आणि माणसं ओळखायची मला हौस नाही. तेव्हा मिटलं."

मी हलले नाही. धीट होते म्हणून नव्हे, अजिबात नव्हे. खोलीबाहेर पडून जायचं कुठे, हेच मला ठाऊक नव्हतं.

"आता काय?"

"काही नाही, मॅडम."

"सुट्टीला गावी नाही जायचं?"

"नाही."

"का?"

"असंच."

त्यांनी थोडा वेळ पेनचं टोपण लावलं, काढलं. "राऊत गेलाय सुट्टीवर," त्या शेवटी म्हणाल्या. राऊत म्हणजे विभागाचा शिपाई. "पठारावरची गवतं वाळवायला प्रेसमध्ये घातलीत. त्यांचे टीपकागद रोज बदलावे लागतात, नाहीतर बुरशी धरते. उद्या दहाला ये. आणि ऐक, पत्राचं मी काही बोललेले नाही."

त्या संध्याकाळी होस्टेल रिकामं झालं. माझी बॅच तर उन्हाळ्यातच निघून गेली होती. मी एस. वाय.ला सगळ्या विषयांत नापास झाले होते, त्यामुळे एक वर्ष मागे पडले आणि आता खालच्या बॅचच्या पोरींबरोबर बसत होते. वाईट नव्हत्या त्या. नोट्स द्यायच्या, डब्यातलं पुढे करायच्या, पण मला 'ताई' म्हणायच्या. एकदा 'ताई' झालं की कुणी तुमच्याजवळ खिदळत नाही, कुणी तुमच्या पलंगावर येऊन पडत नाही. अख्खा दिवस माझ्या तोंडून चार वाक्यंही निघायची नाहीत, आणि त्यातलीही दोन मेसमधल्या मावशींशी.

घरचं म्हणाल तर घर फलटणजवळ, एसटीने काही लांब नाही. पण मी नापास झाले त्या दिवशी अण्णा म्हणाले, "बघ बाई, तुझं तू," आणि त्यानंतर ते माझ्याशी बोलले ते आईच्या तोंडून. तिच्याच तोंडून त्यांनी सांगितलं होतं, की मे महिन्यापर्यंत पुढच्या शिक्षणाचं काय ते जमव, नाहीतर घरी ये, आम्ही बघतो. काय बघणार ते मला कळत होतं. मला पुढे शिकायचं होतं. झाडापाल्याची मला मनापासून आवड होती हे खरं, आणि जिथे मला कुणीही नापास पोरगी म्हणून ओळखत नाही अशा गावी जायचं होतं, हेही तेवढंच खरं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या आधीच मी विभागाच्या पायरीवर जाऊन बसले.

काम तसं सोपं होतं, पण चुकायला भरपूर जागा होती. लाकडी जाळीच्या दोन फळ्या, त्यांच्यामध्ये टीपकागद आणि जुनी वर्तमानपत्रं, आणि प्रत्येक थरात एकेक गवत झोपवलेलं. पट्टे सोडायचे, ओलसर झालेले कागद काढायचे, कोरडे घालायचे, पट्टे पुन्हा आवळायचे. गवत उचलताना तुरा तुटला तर संपलं, कारण ओळखायचं त्या तुऱ्यावरूनच. पहिल्या दिवशी मी दोन तुरे तोडले. मॅडमनी ते पाहिले आणि एवढंच म्हणाल्या, "दळण नाही करायचंय आपल्याला."

त्या खिडकीपाशी भिंग घेऊन बसायच्या आणि मी मोठ्या टेबलावर. तासन्‌तास कुणी बोलायचं नाही. तरी मला बरं वाटायचं, खोलीत दुसरं माणूस आहे एवढ्यावर. बाराला त्या स्टोव्हवर चहा टाकायच्या आणि दुसरा कप न विचारता माझ्यासमोर ठेवायच्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला भिंग दिलं.

"पातं खोडापासून हलकेच मागे वाकव. जोडावर आत काय दिसतं?"

"पापुद्रा आहे. कांद्याच्या सालीसारखा."

"आता हे बघ."

मी बघितलं, पुन्हा बघितलं, भिंग पुसून बघितलं. "यात काहीच नाही, मॅडम."

"नक्की? का तुला सापडत नाहीये?"

"नाहीच आहे."

"मग लिही तसं. पापुद्रा नाही. हे बरटीच्या जातीचं आहे, भाताच्या खाचरात उगवतं. भातासारखंच दिसतं म्हणून शेतकरी फसतो. पोरं सगळी काय आहे ते टिपतात, काय नाही ते कुणी टिपत नाही. नसणं हीसुद्धा खूण असते."

मी लिहून घेतलं. त्या दिवशी आणखी एक गवत मी माझं मीच ओळखलं, आणि मॅडमनी "हं" म्हटलं. ते 'हं' घेऊन मी होस्टेलवर आले आणि संध्याकाळभर त्यावर खूश होते. हसू नका, माझ्याकडे त्या वर्षी दुसरं काही नव्हतं.

चौथ्या दिवशी चहाचा कप ठेवताना त्या म्हणाल्या, "मार्कलिस्ट आणलीस का बरोबर? दाखव."

ती पिशवीतच होती. त्यांनी खिडकीच्या उजेडात धरून वाचली.

"एस. वाय.ला सगळ्यांत नापास. एकही विषय सुटला नाही. पुढच्या वर्षी सगळे सुटले, आणि बरे मार्क आहेत. मधे काय झालं होतं?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं, आणि उत्तर रेक्टरबाईंनी तयार करून दिलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, कावीळ सांग, सगळे कावीळच सांगतात, डॉक्टरही तसं लिहून देतात.

"कावीळ झाली होती, मॅडम."

"अच्छा." त्यांनी मार्कलिस्टची घडी घातली. "त्या वर्षी तुमच्या वर्गाला मी होते. कमी हजेरीवाल्यांची यादी दर दोन महिन्यांनी मी स्वतः काढते आणि त्यांच्या घरी पत्रं जातात. तुझ्या घरी पत्र गेलं होतं?"

"नाही."

"म्हणजे हजेरी पूर्ण होती. डोळे पिवळे झालेली मुलगी वर्षभर रोज माझ्या वर्गात येऊन बसत होती. आणि तरी सगळ्यांत नापास झाली."

मॅडम वाट बघत होत्या. खरं सांगावं तर एका मैत्रिणीला खड्ड्यात घालावं लागणार होतं, आणि तिने माझं फक्त भलं केलं होतं. न सांगावं तर मी वर्गात रोज बसूनही काही न कळलेली मठ्ठ पोरगी ठरत होते. अशा पोरीला कोण कशाला पत्र देईल?

"चहा गार होतोय," मॅडम म्हणाल्या आणि खिडकीकडे वळल्या. त्यानंतर दिवसभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी कागद बदलत राहिले आणि माझं शिफारसपत्र हातचं गेलं असं मनाशी धरून चालले.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मेस बंद होती. मी स्टँडवर जाऊन वडापाव खाल्ला आणि तिथल्या एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. आमच्याकडे फोन नव्हता, शेजारी मोहिते काकींकडे होता. त्यांनी आईला हाक मारली.

"जेवलीस का गं?" आई म्हणाली.

"जेवले. होस्टेलवर गोडधोड होतं."

"बरं झालं. मी करंज्या ठेवल्यात तुझ्या वाटच्या."

"आई, मी उद्या येऊ का?"

"ये की. तुझं घर आहे. थांब हां, अण्णांना विचारते." मग रिसीव्हर कुठे तरी ठेवल्याचा आवाज आला. काकींच्या घरातली माणसं हसत होती, कुणी तरी भुईचक्र लावलं होतं. बूथच्या मीटरवर लाल आकडे पळत होते. बूथवाला माझ्याकडे बघत होता. आई परत आली आणि म्हणाली, "ते कामात आहेत गं. तू असं कर, नंतर सावकाश ये."

"बरं."

"रडतेस का?"

"नाही गं, फटाक्यांचा आवाज आहे."

पाडव्याला मी दहाला विभागात गेले. दाराला कुलूप. मी पायरीवर बसले. साडेदहा झाले, अकरा झाले. मॅडम उशिरा यायच्या बाई नव्हत्या. सण आहे, आल्या नसतील, असं मी स्वतःला सांगितलं. मग आठवलं की लक्ष्मीपूजनालाही त्या सकाळी आल्या होत्या, आणि जाताना म्हणाल्या होत्या, उद्या नवे कागद काढू. कागद बदलले नाहीत तर गवतं सडणार होती. त्यांनी गवतं सडू दिली असती का? मुळीच नाही.

कॉलेजच्या मागे प्राध्यापकांचे क्वार्टर होते. बाकीच्यांच्या दारात रांगोळ्या आणि आकाशकंदील. शेवटच्या घराला काहीच नव्हतं. मी दार वाजवलं. बराच वेळ काही नाही. पुन्हा वाजवलं.

"कोण?"

"मी, मॅडम. भोईटे."

कडी निघाली. मॅडमनी अंगाभोवती शाल गुंडाळली होती, केस सुटलेले होते आणि चेहरा तापाने लाल झाला होता. चष्म्याशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"काय झालं? प्रेसचं काय झालं?"

"प्रेसचं काही नाही. दाराला कुलूप आहे."

"मग कशाला आलीस?"

"तुम्ही आला नाहीत म्हणून."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग थोड्या चिडूनच म्हणाल्या, "एक दिवस आले नाही तर घरी बघायला यायचं असतं?"

"हो मॅडम," मी म्हणाले. "यायचं असतं."

आणि मग काय झालं मला कळलं नाही. माझा आवाज चढला. विभागप्रमुखांच्या दारात, पाडव्याच्या दिवशी, शेजारपाजाऱ्यांच्या कानावर जाईल अशा आवाजात मी बोलत सुटले. "माझ्याकडे कुणीच आलं नाही. अख्खं वर्ष मी खोलीत पडून होते. मला कावीळ नव्हती, काहीच नव्हतं. कुणी मेलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं. एक दिवस उठावंसं वाटलं नाही, मग दुसऱ्या दिवशीही वाटलं नाही, मग वाटेनासंच झालं. मी रोज वाट बघायची की आज कुणी तरी येईल आणि विचारेल, ही पोरगी कुठे आहे. कुणी आलं नाही."

"आत ये," मॅडम म्हणाल्या. "आधी आत ये."

घरात पलंग, पुस्तकं आणि रेडिओ, एवढंच. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसल्या. मी उठून स्टोव्ह पेटवला, पाणी गरम केलं, कारण हातांना काही तरी काम हवं होतं.

"हजेरी कोण लावायचं?" त्यांनी विचारलं.

मी पाण्याकडे बघत राहिले.

"सांगू नकोस. मी सांगते. बारा नंबर."

मी वळले.

"तू अकरा होतीस. भोईटे. बारा नंबर भुजबळ," मॅडम सांगत होत्या. "मी अकरा म्हटलं की 'प्रेझेंट मॅडम', बारा म्हटलं की पुन्हा 'प्रेझेंट मॅडम'. एकाच बाकावरून. अकराला जरा नाकात बोलायची."

वैजूच ती. वैजयंती भुजबळ, माझी खोलीतली मैत्रीण. आडनावं शेजारी म्हणून आम्हाला खोली एक मिळाली होती. मी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, आणि ती वेणी घालता घालता म्हणायची, "झोप गं तू. मी लावते तुझी हजेरी. तुझी टर्म नको जायला." डबाही आणायची. जीव लावायची पोरगी. तिने एक दिवस जरी ती हजेरी लावली नसती, तर माझं नाव यादीत लागलं असतं, अण्णांना पत्र गेलं असतं, ते तणतणत एसटीने आले असते आणि मला हाताला धरून घरी घेऊन गेले असते. पण मी कागदोपत्री रोज हजर होते. हजर असलेल्या माणसाला शोधायला कोण जातं? मला वैजूचा राग नव्हता, आजही नाही. ती आता बारामतीला असते आणि मी तिला हे कधी सांगितलेलं नाही.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"मान वर केली असती तर माहीत झालं असतं." त्यांनी शाल ओढून घेतली. "मी केली नाही. मान वर केली की चेहरे दिसतात. चेहरे दिसले की एखादीला विचारावं लागतं, काय गं, काल का नव्हतीस, बरी आहेस का. मला ते जमत नाही. मी नंबर घ्यायची आणि शिकवायला लागायची. आवाज एकच आहे हे कानाला कळत होतं. म्हटलं, असेल एखादी पोरगी नाटकं बघत हिंडत."

मला राग आला. खरं सांगते, त्या दोन वर्षांत मला पहिल्यांदाच नीट, स्वच्छ राग आला, आणि तो या तापाने फणफणलेल्या एकट्या बाईचा आला. पण पाणी उकळलं होतं. मी त्यांना आलं घालून चहा दिला, किल्ली मागून घेतली, विभागात जाऊन सगळे कागद बदलले आणि येताना मेडिकलमधून गोळ्या आणल्या. भाऊबीजेलाही तेच केलं. आम्ही त्या विषयावर पुन्हा बोललो नाही.

त्यानंतरच्या दिवशी त्या शाल पांघरून विभागात आल्या. बसल्या बसल्या म्हणाल्या, "कोरा कागद घे. मी सांगते, तू लिही. मग मी टाइप करून घेईन."

"कसलं, मॅडम?"

"पत्र. बंगळूरचं."

मी पेन उघडलं. त्या इंग्रजीत सांगत होत्या, सावकाश, एकेक वाक्य, वर्गात सांगायच्या तशाच.

"मी उर्मिला भोईटे हिला या दिवाळीपासून ओळखते. त्याआधी, ती एस. वाय.ला असताना, वर्षभर मी तिची हजेरी मांडत होते. ती वर्गात नव्हती. तिच्या नावाने दुसरंच कुणी उत्तर देत होतं, आणि मी मान वर करून पाहिलं नाही."

माझं पेन थांबलं. "मॅडम, हे लिहिलं तर ते मला घेतील का?"

"ते मला माहीत नाही."

"आणि तुमचं काय होईल?"

"मी मार्चमध्ये निवृत्त होतेय. माझं काय व्हायचंय?"

"आणि बारा नंबरचं?"

"तिचं नाव कुठे आलंय यात? तिने नुसतं उत्तर दिलं. हजर मांडलं मी. लिही. त्या वर्षी ती आजारी होती. त्या आजाराला नाव नाही, पण तो होता. कुणी वेळेवर पाहिलं असतं तर ते वर्ष वाया गेलं नसतं, आणि पाहायचं काम माझं होतं. पुढच्या वर्षी ती कुणाच्याही मदतीशिवाय उठली आणि सगळे विषय सोडवले. हे कसं केलं ते तिला विचारा, मला सांगता येणार नाही."

अक्षरं पुसट दिसायला लागली होती. मी कागद जरा लांब धरला.

"झालं?"

"झालं."

"शेवटचं. जे जिथे असायला हवं आणि नाही, ते या मुलीला दिसतं. गवतात दिसतं आणि माणसांतही दिसतं. एवढ्या वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्यांत हे मी फार थोड्यांत पाहिलं, आणि स्वतःत कधीच पाहिलं नाही. खाली माझं नाव घाल."

मी नाव घातलं. त्यांनी कागद घेऊन वाचला आणि एका जागी स्वल्पविराम घातला.

बंगळूरहून बोलावणं आलं, मी गेले, आणि त्यांनी मला घेतलं. अण्णांनी ते आईकडून ऐकलं आणि मग मोहिते काकींच्या फोनवर स्वतः येऊन म्हणाले, "ऐकलं मी." आज मी गवतांमध्येच काम करते. ते सगळं पुढचं. पण कुणी मला त्या दिवसांचं विचारलं, तर मला बंगळूर आठवत नाही. सुट्टी संपल्यावरचा पहिला सोमवार आठवतो.

पोरी घरून फराळाचे डबे घेऊन आल्या होत्या, वर्गात चकल्यांचा वास होता. मॅडम आल्या, हजेरीपत्रक उघडलं आणि म्हणाल्या, "एक."

"प्रेझेंट, मॅडम."

त्यांनी मान वर केली. त्या मुलीकडे बघितलं, नीट, ती लाजून खाली बघेपर्यंत. मग "दोन". पुन्हा मान वर. वर्गात चुळबुळ सुरू झाली. कुसळला काय झालंय आज, अशी मागे कुजबुज झाली. अर्धा तास तिथेच जाणार असं दिसत होतं. या वर्गात माझा नंबर चार होता. मी म्हटलं, "प्रेझेंट, मॅडम," आणि त्यांनी माझ्याकडेही तसंच बघितलं, जास्त नाही की कमी नाही.

"सतरा."

"प्रेझेंट, मॅडम."

मॅडमची मान वर आली ती तिथेच राहिली. "तू तर सोळा आहेस. आत्ताच बघितलं मी तुला. सतरा कुठे आहे?"

सोळा नंबरची पोरगी पांढरीफटक पडली. "होस्टेलवर आहे, मॅडम. तिला… तिला बरं नाहीये."

"काय होतंय?"

"काही नाही. झोपूनच असते. सुट्टीतून आल्यापासून."

"कुणी बसलंय तिच्याजवळ?"

पोरीने शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "भोईटे," त्या म्हणाल्या, "बघून ये."

मी पुस्तकं तिथेच ठेवून निघाले. होस्टेल त्या वेळी रिकामं असायचं, व्हरांड्यात नुसते वाळत घातलेले कपडे. सतराची खोली वरच्या मजल्यावर, कोपऱ्यात. दार लोटलेलं होतं, पण मी ढकललं नाही. वाजवलं. आतून काही आवाज आला नाही. पुन्हा वाजवलं.

"कोण आहे?" आवाज झोपेतला नव्हता. नुसताच दमलेला होता. मला तो आवाज चांगला माहीत होता.

"मी उर्मिला," मी म्हणाले. "तू आज आली नाहीस, म्हणून आले."